सुई, थेंब आणि कोरडे डोळे

डोळ्याला पाणी सुटले की आपण ते दुखणे समजतो. डोळ्याचे पाणी आटणे हेही दुखणेच आहे, हे सुश्रुतसंहितेने ओळखले होते. तिच्या उत्तरतंत्रात या विकाराला ‘शुष्काक्षिपाक’ म्हटले आहे. पापण्या रुक्ष व ताठर होतात, दिसणे गढूळ होते, डोळा उघडताना यातना होतात, असे त्याचे वर्णन. उपचारात तुपा-दुधाला मोठा मान. आणि औषध थेंबाथेंबाने डोळ्यांत सोडण्याच्या क्रियेचे नाव आश्च्योतन. औषधाच्या दुकानातून आपण जी चिमुकली बाटली आणतो, तिचे कुळ इतके जुने आहे.

सुईचे कुळ निराळे, आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात शलाका घालून गढूळ भिंग बाजूस सारण्याची भारतीय रीत चीनमध्ये गेली, हे खरे. ७५२ साली वांग ताओ याने सिद्ध केलेल्या वैद्यकग्रंथात ती सोन्याची सुई आढळते. तांग काळातील लिउ युशी या कवीने तर एका ब्राह्मण नेत्रवैद्यास उद्देशून कविता लिहिली. याचा अभिमान वाटावा हे ठीकच. पण तेवढ्यावरून अॅक्युपंक्चर मूळचे आपलेच, असे ठासून सांगणारे लोक भेटतात, त्यांचे म्हणणे टिकणारे नाही. ती सुई डोळ्यात शिरे. ही शरीरावरील ठरावीक बिंदूंवर टोचतात. तिसऱ्या शतकातील ह्वांगफू मी याच्या ग्रंथात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचा ‘जिंगमिंग’ नावाचा बिंदू आहे. कोरड्या डोळ्यांसाठी तो आजही वापरतात. गंमत अशी की, अश्रू नाकाकडे वाहून नेणाऱ्या वाटेचे तोंडही तेथून फार दूर नाही.

खुद्द चीनमध्ये या विद्येचे दिवस फिरले. १८२२ साली बादशाही वैद्यशाळेतून तिला हद्दपार करण्यात आले. १९४९ नंतर तिला पुन्हा राजाश्रय लाभला. १९३८ साली काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविले, त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास त्यांनी तिचा पाया घातला.

श्रोतेहो, वंशावळ कितीही थोर असली तरी रोग्याला तिचा उपयोग नसतो. त्याला डोळा ओला हवा. तो ओला आहे की नाही, हे मोजण्याची साधी युक्ती जर्मन वैद्य ऑटो शिर्मर याने १९०३ साली काढली: शोषक कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते पाहायचे. पाचाहून कमी भिजली तर पाणी फारच थोडे. १९३३ साली स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेनने कोरडे डोळे आणि सांधेदुखी यांची सांगड दाखविली, तेव्हा हा विकार नुसता डोळ्यापुरता नसतो हेही कळले. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो; तो बिघडला तर पाणी पुरेसे असूनही उडून जाते. कृत्रिम अश्रूंचे थेंब म्हणूनच वारंवार घालावे लागतात.

सुईची परीक्षा याच मापांनी व्हावयास हवी, आणि ती होऊ लागली आहे. दक्षिण कोरियातील १५० रोग्यांवरची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. चार आठवडे एका गटास सुया, दुसऱ्यास थेंब. उपचार संपले तेव्हा दोहोंच्या त्रासात विशेष फरक नव्हता. आणखी आठ आठवड्यांनी मात्र सुईचा गट पुढे दिसला. आशादायक खरे, पण आपल्याला सुया टोचल्या जात आहेत हे रोग्याला कळत होते, आणि त्रास किती हे सांगणाराही तोच. शिवाय ही तुलना सुई की थेंब अशी होती. सुई आणि थेंब दोन्ही मिळून काय साधते, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. डोळ्याभोवतीची कातडी नाजूक, रक्त चटकन साकळते. तेव्हा सुई टोचून घ्यायचीच तर जाणत्या हातून, आणि थेंबांची बाटली फेकून न देता.