काडतूस आणि कायदा

काडतूस हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या मूळ शब्दाच्या पोटी ‘कागद’ हाच अर्थ दडलेला आहे, आणि तो यथार्थच होय; कारण दीर्घकाळपर्यंत काडतूस म्हणजे दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदाची पुडी, एवढेच असे. शिपायाने ती दातांनी फाडावी, दारू नळीत ओतावी आणि वरून गोळी ठासावी. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस याच जातीचे होते. त्यास लावावयाच्या चरबीचा प्रश्न हिंदू-मुसलमान शिपायांच्या धर्माचा आहे, हे सरकारास वेळीच उमगले नाही. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली, १० मे रोजी तेथे उठाव झाला आणि १ जुलै रोजी आमच्या इंदुरात सआदतखानाच्या पुढारीपणाखाली होळकरांच्या सैनिकांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढविला. उठावास इतर कारणे पुष्कळ होती. परंतु ठिणगी पडली ती या कागदी पुडीवर.

इंग्रजांनी त्यापासून घेतलेला धडा काडतुसांच्या पुढील इतिहासात उमटलेला दिसतो. १८६६ साली स्नायडर रायफल स्वीकारली गेली व तिच्याबरोबर मागून भरावयाचे, पितळी कवचाचे काडतूस आले. दात लावण्याचा प्रश्नच उरला नाही. १८७१ त मार्टिनी-हेन्री आणि १८८८ त ०.३०३ बोअरची ली-मेटफर्ड आली. परंतु गोऱ्या पलटणींच्या हाती मार्टिनी असताना देशी पलटणींकडे स्नायडरच ठेवण्यात आली. विलायतेत जे कालबाह्य ठरे, ते येथे नवे म्हणून मिळे.

प्रजेसाठी १८७८ चा शस्त्रकायदा होताच. पुढे लष्करी बोअरच्या खासगी बंदुकांवरही निर्बंध आले. त्यामागील विचार सरळ होता. कोठारातून चोरलेले काडतूस खासगी बंदुकीत बसताच कामा नये! या निर्बंधापायी इंग्रज कारागिरांना शिकारी रायफलींसाठी ०.४५० बोअर सोडून ०.४६५, ०.४७० अशी नवी काडतुसे घडवावी लागली.

याहून चमत्कारिक कथा ०.३१५ ची आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने १८९० साली मानलिखर रायफलीसाठी बिनधुराच्या दारूचे आठ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. आठ मिलिमीटर म्हणजेच ०.३१५ इंच. ते इंग्रजी फौजेचे नसल्यामुळे हिंदुस्थानातील परवानाधारकास चालण्याजोगे ठरले. १९१८ साली ते साम्राज्य लयास गेले. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रिया व हंगेरी या दोन्ही देशांनीही त्या काडतुसाच्या जागी दुसरे घेतले. आपल्याकडे मात्र सरकारी कारखान्यांतून ०.३१५ च्या रायफली होत राहिल्या आणि १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्यातून त्यांची काडतुसे निघत राहिली. व्हिएन्नाच्या सम्राटाचे काडतूस पुण्याच्या वेशीवर जगले, ते केवळ कायद्याच्या आधाराने.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला. तथापि १९६२ च्या नियमांतही तत्त्व तेच राहिले. ०.३०३ चे लष्करी काडतूस ज्यातून उडेल अशी रायफल आणि ०.३८० वा ०.४५५ चे काडतूस ज्यातून उडेल असे रिव्हॉल्वर यांना निषिद्ध वर्गात घालण्यात आले. परकी सत्तेला प्रजेच्या बंडाचे भय होते. स्वराज्याला कोठारांच्या सुरक्षिततेची काळजी आहे. दोन्ही हेतू भिन्न खरे. परंतु माप बदलले नाही, याचा विचार नागरिकांनी व कायदेपंडितांनी अवश्य करावा.

आणखी एक गोष्ट विजयादशमीस वाडवडिलांच्या शस्त्रांची पूजा करणाऱ्या कुटुंबांनी ध्यानी धरावी. आजोबांच्या वेब्ले रिव्हॉल्वरचे ०.४५५ चे काडतूस आता बाजारात दिसत नाही, म्हणून ते शस्त्र निरुपद्रवी झाले, अशी समजूत सर्रास आढळते. १९५९ च्या कायद्याचे ४५ वे कलम जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या वा नादुरुस्त शस्त्रांना सूट देते खरे. परंतु ते शस्त्र दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी त्यास अट आहे. काडतूस दुर्मीळ झाल्याने ही अट पुरी होत नाही. यास्तव पूजेतील शस्त्राचा परवाना वारसाच्या नावे आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मगच त्यावर गंधाक्षता वाहाव्यात.