चुकीचे मोल

घडणीत दोष राहिलेली वस्तू बाजारात स्वस्त होते, हा व्यवहाराचा साधा नियम. कान मोडका आलेला पेला किंवा वीण सुटलेले लुगडे कोणी चढ्या भावाने घेत नाही. संग्राहकांच्या जगात मात्र हा नियम उलटा फिरलेला दिसतो. तिथे उलट्या चित्राचे तिकीट, आकडा सरकलेली नोट, दुहेरी ठसा बसलेले नाणे, इतकेच काय, पात्यावर कारखान्याची मोहर चुकीची उमटलेला खिशातला चाकूदेखील निर्दोष नगापेक्षा अधिक किमतीला जातो. ही निव्वळ हौसेची लहर आहे की त्यामागे मूल्याचा काही विचार आहे, हा प्रश्न तपासून पाहण्यास नाशिकइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात 1925 पासून टपाल तिकिटांच्या छपाईची सिद्धता झाली आणि 1928 पासून तिथे चलनी नोटाही छापल्या जाऊ लागल्या. जिथे चूक होऊ न देणे हाच धंद्याचा प्राण, तिथेच चुकीचे मोल नीट कळते.

पहिली गोष्ट अशी, की चुकीला आधी प्रमाण लागते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते आठवावेत. त्यांत एकासारखा दुसरा नाही. पण एखाद्याची मूठ वेगळी निघाली म्हणून तिला आपण चूक म्हणत नाही. तो कारागिराचा हात असतो. हाताने घडवलेल्या वस्तूत भेद हा स्वभाव आहे. साच्यातून निघालेल्या वस्तूत तो अपवाद ठरतो. लाखो नग तंतोतंत एकसारखे निघावेत, ही अपेक्षा यंत्रयुगाने निर्माण केली आणि त्या अपेक्षेच्या पोटीच ‘दोष-नग’ ही संग्राहकाची जात जन्माला आली.

परंतु चूक घडली एवढ्याने किंमत येत नाही. स्वतंत्र भारताची पहिली नित्य वापराची तिकीटमाला 15 ऑगस्ट 1949 रोजी निघाली. नाशिकला छापलेल्या या मालेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती, आणि ती आरशात पाहावी तशी उलटी छापली गेली होती: डावा हात उजवा झाला, उजवा डावा. मूर्तिशास्त्रात हस्तमुद्रेला जो अर्थ असतो तो लक्षात घेता ही चूक लहान नव्हती. 1950 साली ती सुधारून तिकीट पुन्हा काढण्यात आले. तरीही ते चुकलेले तिकीट आजही दुर्मीळ मानले जात नाही, कारण चूक मूळ आराखड्यातच होती. प्रत्येक प्रतीने ती निमूटपणे वाहिली.

याच्या शेजारी 1854 सालचे चार आण्यांचे तिकीट ठेवावे. कलकत्त्याला शिळाछापावर ते दोन रंगांत, दोन खेपांत छापले जाई: तांबडी चौकट एका खेपेला, राणी व्हिक्टोरियाचा निळा मुखवटा दुसऱ्या खेपेला. एखाद्या वेळी कागद उलटा लागला आणि राणी डोक्यावर उभी राहिली. अशा ज्ञात प्रती सुमारे तीसच्या आसपास आहेत, आणि भारतीय तिकिटांतील अत्यंत मौल्यवान वस्तूंत त्यांची गणना होते. मूर्तीचा हात बदलणे ही आशयाची चूक, राणी उलटी होणे ही केवळ हाताळणीची. किमतीने कौल दिला तो हाताळणीच्या बाजूने. बाजार चुकीचे गांभीर्य मोजत नाही, तिचे एकटेपण मोजतो.

याचा पुरावा 1962 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानेच दिला. डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मृत्यर्थ निघालेल्या तिकिटाच्या काही ताव्यांवर पिवळा रंग उलटा बसला होता. ते ज्यांच्या हाती लागले त्यांना घबाड मिळाल्याचे लक्षात येताच खात्याने तीच चूक जाणूनबुजून कोट्यवधी प्रतींत छापली आणि किंमत जमिनीवर आणली. चूक तीच राहिली. एकटेपण तेवढे गेले.

दुसरी अट सुटकेची. छापखान्यात सदोष कागद रोजच निघतात. ते तपासणीत वेगळे काढून नष्ट केले जातात. तपासनिसाच्या नजरेतून निसटलेला नग टपालाच्या खिडकीवरून किंवा बँकेच्या गल्ल्यातून लोकांत येतो, तेव्हा तो खरा दोष-नग. रद्दीतून कोणी चोरून आणलेला कागद दिसायला तसाच असला तरी तो इतिहास नव्हे, चोरीचा माल आहे. या संदर्भात भारतीय नोटांवरील तारांकन मोठे बोलके आहे. पूर्वी सदोष नोट काढून टाकली की त्याच क्रमांकाची दुसरी छापून तिच्या जागी ठेवली जाई. 2006 पासून काही मूल्यांच्या नोटांत तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालण्याची पद्धत आली. म्हणजे तारांकित नोट स्वतः निर्दोषच. एका नाहीशा केलेल्या चुकीची ती खूण मात्र आहे. संग्राहक तीही जपून ठेवतात.

इथवर आपण किमतीविषयी बोललो. मूल्याचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा नाशिक जिल्ह्यातच सापडते. 1906 साली जोगलटेंभी येथे क्षहरात राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. ही चूक नव्हे, विजेत्याची कृती होय. पण देखण्या नाण्याच्या शोधात असलेल्याला ती बिघडलेलीच वाटावीत. एका राजाच्या मुखावर दुसऱ्याचा डोंगर चढलेला, अक्षरे चेंगरलेली. इतिहासाला मात्र त्या बिघाडातच पुरावा मिळाला. पांडवलेण्यातील बलश्रीच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा जो दावा आहे, त्याला चांदीची साक्ष मिळाली. खऱ्या अर्थाने चूक म्हणावी तीही याच परंपरेत आढळते. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरे पिढ्यांगणिक विस्कटत जाऊन शेवटी अर्थहीन रेघा उरल्या. ग्रीक न जाणणाऱ्या कोरक्यांनी आकार तेवढा गिरवला. एक लिपी या भूमीवरून कशी मावळली, हे त्या रेघा सांगतात.

साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी नाही. पाठचिकित्सेत दोन पोथ्यांचे शुद्ध पाठ जुळले तर फारसे काही सिद्ध होत नाही; शुद्ध पाठ कुठूनही येऊ शकतो. दोघींत तीच विचित्र चूक आढळली, की त्यांचे कूळ एक असल्याचा संशय बळावतो. लेखनिकाची डुलकी अशी पोथ्यांची वंशावळ उलगडते.

मात्र पोथीची चूक इतर पोथ्यांशेजारी ठेवल्यावरच बोलते. जोगलटेंभीचा साठा लावण्यानुसार निवडून वाटला गेला असता, तर तेरा हजारांत नऊ हजार हे प्रमाणच हरवले असते, आणि तो पुरावा प्रमाणात आहे. बाजाराला चूक एकटी हवी असते. अभ्यासाला ती तिच्या सोबत्यांत हवी असते. कोणत्या ताव्यातली, कोणत्या गावी मिळालेली, शेजारी काय होते, ही नोंद सुटली की लाखमोलाचे उलटे तिकीटही केवळ नवल उरते. तेव्हा दोषाने मूल्य वाढते का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दुर्मिळतेने त्याची किंमत वाढते. मूल्य वाढते ते त्याची हकिकत जपल्याने. संग्राहकाने पाकिटात तिकिटाबरोबर दोन ओळींची टिपणही ठेवली, तर तो इतिहासकाराचेच काम करीत असतो.