आडनावांची मोजणी आणि बीडची वंशावळ 🧵

१/ वंशावळीत कोणते आडनाव सर्वाधिक वेळा येते? प्रश्न वरवर सोपा आहे. परंतु बीड जिल्ह्यातील एखाद्या घराण्याचा माग काढत चार-पाच पिढ्या मागे जावे, तर पुष्कळदा आडनावच नाहीसे होते. माणूस मात्र तिथेच असतो.

२/ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील जुने दप्तर फारसी-उर्दूत, तर गावपातळीवरचे बरेचसे मोडीत. त्यातील नोंदीचा साचा असा: 'अमुक वल्द तमुक', पुढे जात. वल्द म्हणजे मुलगा. ओळख पटवण्यास बापाचे नाव आणि गाव पुरेसे असे. आडनावाची गरज भासत नसे.

३/ सनही निराळा. या कागदांवर फसली सन आढळतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. हे ध्यानात न घेतल्यास पणजोबा थेट बहामनी काळात जाऊन बसतात!

४/ काही आडनावे मुळात हुद्दे आहेत: पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी. वतन ज्याच्याकडे, नाव त्याच्याकडे. १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आलेले क्रांतिसिंह नाना पाटील सातारा भागातले. त्यांचे मूळ आडनाव पिसाळ. 'पाटील' शोधत गेल्यास पिसाळांची वंशावळ हाती लागणार नाही.

५/ 'कर'ची गंमत वेगळी. धारूरकर, परळीकर ही नावे बहुधा गाव सोडल्यावर चिकटतात. धारुरातच राहणाऱ्याला कोण धारूरकर म्हणणार? असे आडनाव घराण्याचे मूळ गाव सांगते आणि स्थलांतराची साक्षही देते.

६/ आडनाव एक म्हणजे कूळ एक, असेही नव्हे. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठा समाजात आहेत, तशीच तांड्यावरच्या बंजारा कुटुंबांतही. देशमुख हिंदू आहेत, तसे मुसलमानही.

७/ आता प्रत्यक्ष मोजणी. वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरत असल्याने पहिला क्रमांक आपल्याच आडनावाचा, हे उघड आहे. खरी माहिती दुसऱ्या क्रमांकात असते. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातील या प्रथेची चिकित्सा केली आहे. त्यामुळे आजीचे माहेर आणि आईचे माहेर पुष्कळदा एकच निघते. दोन घराण्यांतील सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या कशी चालली, हे तेच आडनाव सांगते.

८/ पण त्यासाठी माहेरचे आडनाव लिहिलेले हवे. अनेक वंशावळींत स्त्रियांची नावेच नसतात; असली तर सासरची. म्हणजे निम्मे झाड कागदावर आलेलेच नसते.

९/ हा केवळ छंदाचा विषय नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे तपासले गेले. नोंद सापडली तरी त्या पूर्वजाशी पितृकुळातून नाते सिद्ध करावे लागते. जिथे नोंदीत केवळ 'वल्द' आहे, तिथे आडनावाचे साम्य कामी येत नाही. पिढ्यांची अखंड साखळीच लागते.

१०/ म्हणून शोधाचा क्रम उलटा हवा. प्रथम गाव, मग बापाचे नाव, मग शेताचा सर्व्हे नंबर, आणि शेवटी आडनाव. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूचा माग गाव आणि कुळ यांवरून लागतो.

११/ सर्वांत जुने दप्तर मात्र घरातच असते. आजीला तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर आणि त्या गावांची नावे विचारावीत व त्याच दिवशी लिहून ठेवावीत. मोडी वाचणारे पुढेही भेटतील. ती यादी सांगणारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.