पिसांचा रंग आणि कमिटीचा ठराव

कामगार चळवळीतला माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, अशी शंका श्रोत्यांना येणे साहजिक आहे. परंतु मजुराची श्रेणी ठरविणारी कमिटी आणि कोंबडीची प्रत ठरविणारी कमिटी यांचे काम एकाच तऱ्हेचे असते. जिवंत वस्तूला कागदावरील मापात बसवायचे, हे ते काम. म्हणून अमेरिकेतील प्लिमथ रॉक या जातीचा इतिहास आम्ही आज निवडला आहे.

आपल्या खेड्यातील बाई आपल्या कोंबड्यांना तांबडी, काळी, कबरी म्हणते. ती नावे ओळखण्यापुरती असतात. बक्षीस आणि किंमत मध्ये आली म्हणजे मात्र नावाला कायदा लागतो.

१८४९ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे अमेरिकेतील पहिले मोठे कुक्कुट-प्रदर्शन भरले. तेथे डॉक्टर बेनेट यांनी 'प्लिमथ रॉक' या नावाने पक्षी मांडले. लोकांना कोंबड्यांचे असे वेड लागले की, बर्नहॅम नावाच्या विक्रेत्याने १८५५ मध्ये त्या 'कोंबडी-ज्वरा'चा इतिहासच लिहिला. बेनेटचा वाण पुढे मागे पडला. आज जी जात आपण ओळखतो ती १८६९ साली वूस्टर येथील प्रदर्शनात आली. अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, आणि डोक्यावर एकेरी तुरा. तसल्याच पट्ट्यांची डॉमिनिक ही जात आधीपासून होती. तेव्हा १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या मंडळींनी निवाडा केला की, गुलाबतुरा असेल तो डॉमिनिक, एकेरी तुरा असेल तो प्लिमथ रॉक. एका बैठकीत कित्येक पक्ष्यांची जात बदलली; पक्ष्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

१८७३ साली बफेलो येथे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि १८७४ मध्ये तिचे मानक-पुस्तक निघाले. प्लिमथ रॉक त्यात होता. पट्टेदार पक्ष्यांच्या पोटी मधूनच पांढरी पिल्ले निघत. पट्टा नाही म्हणजे मानकाबाहेर! परंतु काहींनी ती जपली, वाढविली, आणि १८८८ मध्ये 'पांढरा' हा प्रकार मान्य झाला. आता मूळच्याला 'पट्टेदार' असे विशेषण लावणे भाग पडले. मागून बदामी आला, १९१० मध्ये कोलंबियन व पार्ट्रिज, आणि १९२० मध्ये निळा.

खरा पेच पट्टेदारात होता. कोंबडा आणि कोंबडी एकाच छटेची दिसावी अशी प्रदर्शनाची मागणी. निसर्गाला ती मान्य नव्हती. पट्ट्याचा गुण नरात दुप्पट येऊ शकतो, मादीत एकेरीच येतो. म्हणून नर फिकट, मादी गडद. उपाय म्हणून पैदासकारांनी दोन वेगळ्या ओळी पाळल्या. एकीतून दाखविण्याजोगे कोंबडे, दुसरीतून दाखविण्याजोग्या कोंबड्या. म्हणजे प्रत्येक ओळीतील निम्मी प्रजा प्रदर्शनाच्या दृष्टीने टाकाऊ. एकाच मापाची जोडी म्हणून जी गौरविली जाई, ती वस्तुतः दोन घराण्यांतून आणलेली असे.

१९०८ साली स्पिलमन या शास्त्रज्ञाने या गुणाची लिंगाशी असलेली सांगड उलगडून दाखविली. पुढे हाच 'दोष' कामाला आला. काळा किंवा तांबडा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांच्या पिलांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीच्या येत नाही. पहिल्याच दिवशी नर-मादी निवडता येऊ लागली. आणि एके काळची ती मानकाबाहेरची पांढरी? तिची कोवळी पिसे सोललेल्या मांसावर डाग दाखवीत नाहीत. त्यामुळे पांढरा रॉक मांसाच्या धंद्यात मातृवंश म्हणून जगभर पसरला. आपल्या बाजारातील पांढऱ्या ब्रॉयलरच्या वंशावळीतही तो आहे.

मापाला आमचा विरोध नाही. मापावाचून मालकाची मर्जी हेच माप होते, हे आम्ही कामगार वस्तीत रोज पाहतो. परंतु माप ठरविताना ज्याचे माप घ्यायचे त्याची प्रकृती विचारात घेतली नाही, तर निम्मे लोक निष्कारण टाकाऊ ठरतात. कोंबडीला कमिटीत बसता आले नाही. माणसाला बसता येते, आणि त्याने बसलेच पाहिजे.