वाळूवर चालण्यासाठी जुन्या पिकअप गाडीची बांधणी

वाळूवर चालण्यासाठी जुन्या पिकअप गाडीची बांधणी म्हणजे मुळात रस्त्यासाठी तयार झालेल्या, वापरून जुन्या झालेल्या पिकअप वा जीप वाहनात असे फेरफार करणे, की ते मोकळ्या वाळूत न रुतता चालावे. हे फेरफार मुख्यतः टायर, पाटे, चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा, इंजिनाचा हवापुरवठा व थंडावा आणि चासी यांच्याशी संबंधित असतात. या तंत्राचा उगम वाळवंटी प्रवासात झाला. महाराष्ट्रात वाळवंट नाही. मात्र रायगड जिल्ह्यात मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशा पुळणींची मालिका आहे आणि तेथे वाळूत गाड्या रुतण्याचे प्रकार वारंवार घडतात. वाळवंटासाठी बांधलेली गाडी या किनाऱ्यावर जशीच्या तशी उपयोगी पडत नाही, कारण येथील वाळूबरोबर भरतीचे पाणी आणि मीठही येते.

पार्श्वभूमी

मोटारगाडीने वाळवंट ओलांडण्याचे शास्त्र प्रामुख्याने इजिप्त व लिबियाच्या वाळवंटात विकसित झाले. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने १९२० व १९३०च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन तेथे मोहिमा काढल्या. टायरमधील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी सरकवणे, अनावश्यक वजन काढून टाकणे हे उपाय त्याच्या सोबत्यांनी प्रत्यक्ष वापरून रूढ केले. रेडिएटरमधून निघणारी वाफ ते नळीने पाण्याच्या डब्यात सोडत. इंजिन थंड झाले की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाई. आजच्या गाड्यांत बॉनेटखाली असणारी पाण्याची बाटली साधारण हेच काम करते. १९४० मध्ये बॅग्नोल्डने स्थापन केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या लष्करी तुकडीने शेवरले ट्रकांची दारे व काचा उतरवून ते वाळवंटात वापरले. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात अशा बांधणीचा आधार जीप ठरली. महिंद्रा कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे याच घराण्यातील एमएम ५४० सारख्या डिझेल जीप, तसेच डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी या गाड्या हौशी बांधणी करणाऱ्यांच्या विशेष पसंतीच्या झाल्या. राजस्थानातील डेझर्ट स्टॉर्म या स्पर्धेत जिप्सी दीर्घकाळ धावली.

वाळू आणि टायर

वाळूत गाडी रुतते ती इंजिनाची ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर चाकांखालील दाब वाळूला पेलवत नाही म्हणून. बांधणीवर होणाऱ्या खर्चापैकी बराच खर्च ही गोष्ट लक्षात न घेतल्याने वाया जातो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. १,६०० किलो वजनाच्या गाडीचा भार चारही चाकांवर सारखा वाटला गेला, तर प्रत्येक चाकावर ४०० किलो येतात. हवा ३५ पीएसआय असेल, तर टायरचा सुमारे १६३ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा १५ पीएसआयवर आणली, की हाच भाग सुमारे ३७९ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलत असल्याने प्रत्यक्षातील आकडे काहीसे वेगळे असतात. टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, त्यामुळे हवा कमी केलेला टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळूवर पसरतो.

हा बदल फुकट होतो, फक्त दाब मोजण्याचे मापक जवळ असावे लागते. त्याला मर्यादाही आहेत. हवा फार कमी झाली, तर वळताना टायर रिंगवरून निसटतो. कमी हवेवर वेगाने चालवल्यास टायरच्या भिंती तापून फाटतात. म्हणून पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा हवा भरावी लागते आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हा अशा गाडीचा आवश्यक भाग मानला जातो. जुन्या जीपचे ६.०० - १६ मापाचे अरुंद नायलॉन टायर ताठ भिंतींचे असल्याने हवा कमी करूनही फारसे पसरत नाहीत. रेडियल टायर या कामी अधिक योग्य ठरतात. चिखलासाठी बनवलेले खोल, टोकदार नक्षीचे टायर दिसायला रुबाबदार असले तरी कोरड्या वाळूत ते चाकाखाली खड्डाच खणतात.

किनाऱ्यावरील वाळू मात्र सर्वत्र सारखी नसते. भरती व ओहोटीच्या रेषांमधील ओलसर वाळू कणांमधील पाण्याच्या ताणामुळे घट्ट असते. सुरूच्या झाडांकडील वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते. सर्वांत फसवी असते ती लाटांच्या अगदी काठची, पाण्याने पूर्ण भरलेली वाळू. थांबलेल्या चाकाभोवतीची अशी वाळू प्रत्येक लाट थोडी थोडी ओरपून नेते आणि गाडी इंजिन बंद असतानाही खाली बसत जाते.

गाडीची निवड व फेरफार

जुन्या गाडीत इंजिनाआधी चासी तपासली जाते. पाट्यांचे हँगर, हौद्याखालील आडवे पट्टे आणि चासीच्या बंद पोकळ भागांत गंज आतून वाढतो. हातोडीच्या हलक्या ठोक्याने बद्द आवाज आला किंवा पेचकसाचे टोक आत शिरले, तर ती चासी आधी दुरुस्त करावी लागते. किनाऱ्याजवळच वापरलेल्या गाडीत हा दोष रंगाखाली दडलेला असण्याची शक्यता अधिक असते.

पिकअपचे मागचे पाटे माल लादण्यासाठी बनवलेले असतात. रिकाम्या हौद्यात ते ताठ राहतात, मागची चाके उड्या मारतात आणि पकड सुटते. त्यामुळे एखादा पाटा कमी करणे किंवा मऊ पाटे बसवणे हा प्रचलित उपाय आहे. मात्र तसे केल्यावर मूळ क्षमतेइतका माल वाहता येत नाही. लांब शॅकल लावून गाडी उंच करणे स्वस्तात होते आणि म्हणून लोकप्रियही आहे, परंतु त्याने पुढच्या धुऱ्याचा कोन बदलून स्टिअरिंग अस्थिर होते. वाळूसाठी एवढ्या उंचीची गरजही नसते. बंपरखाली लटकणारे भाग वर घेणे पुरेसे ठरते.

चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा असेल तर वाळू सुरू होण्यापूर्वीच ती जोडायची असते. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असल्यास तेही आधी लॉक करावे लागतात. केवळ मागच्या चाकांवर चालणारी सामान्य पिकअप वाळूत अवघड ठरते, कारण रिकाम्या गाडीत इंजिनाचे वजन पुढे आणि शक्ती मागे अशी विभागणी असते.

वाळूत इंजिन सतत जोर लावत असल्याने गाडी कमी वेगातही तापते. रेडिएटरची जाळी साफ करणे, पंख्याचे आवरण शाबूत ठेवणे आणि जुने होजपाईप बदलणे ही कामे नव्या दिव्यांपेक्षा महत्त्वाची असतात. जुन्या डिझेल जीपमधील तेलावर चालणारा एअर फिल्टर धूळ बऱ्यापैकी अडवतो, पण त्यातील तेल वेळोवेळी बदलावे लागते.

खारे पाणी

किनाऱ्यावरील बांधणी वाळवंटी बांधणीपासून वेगळी होते ती येथे. चालून तापलेला धुरा अचानक पाण्यात गेला, की आतील हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. गिअर ऑइल दुधाळ दिसू लागते. हे टाळण्यासाठी डिफ्रन्शियल व गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या लांब रबरी नळी जोडून बॉनेटखाली उंचावर नेतात. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस, ब्रेक ड्रम, अल्टरनेटर आणि विजेची जोडणी यांवरही मिठाचा परिणाम होतो. पाट्यांच्या थरांमध्ये अडकलेली ओली वाळू दुहेरी नुकसान करते, कारण ती घासतही राहते आणि गंजही वाढवते. किनाऱ्यावर गेलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुणे आवश्यक मानले जाते. नुसता गंजरोधक थर पुरत नाही. आधीच गंज असलेल्या जागी तो दिल्यास ओल आतच कोंडते.

रुतलेली गाडी बाहेर काढणे

चाक जागच्या जागी फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडणे हा पहिला नियम आहे. त्यानंतर हवा आणखी कमी करणे, चाकांपुढील व चासीखालील वाळू फावड्याने उपसणे आणि चाकांखाली फळ्या किंवा सँड लॅडर देणे असा क्रम असतो. कोकणात त्याऐवजी नारळाच्या झावळ्याही चालतात. जॅक वाळूत रुतू नये म्हणून त्याखाली जाड फळी ठेवतात. ओढण्यासाठीचा हूक चासीलाच पक्का बोल्ट केलेला असावा लागतो. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला बांधलेला दोर ताण येऊन निसटल्यास सुटलेला तुकडा जीवघेणा ठरू शकतो.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली एक महागडी स्पोर्ट्स कार बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यावर विनोद पुष्कळ झाले, परंतु वाळूच्या दृष्टीने त्यात नवल नाही. बैल संथ, न झटकता ओढतात आणि त्यांचे पाय चाकासारखे जागच्या जागी फिरून खड्डा करत नाहीत.

सुटकेसाठी किती वेळ आहे हे भरती ठरवते. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाणी सुमारे चार मीटर वरखाली होते आणि सपाट पुळणीवर ते वेगाने पसरते. कोकणातील जुन्या ठोकताळ्याप्रमाणे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी असते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास येते. सकाळ व रात्र अशी दोन्ही वेळा हा हिशेब लागू होतो. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते वापरतात.

कायदा आणि किनारा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीला दुजोरा दिला. त्यामुळे वेगळे इंजिन, बदललेली चासी किंवा मूळ रचनेपेक्षा वेगळी बॉडी असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताना अडचण येते. पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाची नोंदणी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते, म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ कागदोपत्री राहत नाही.

पुळणीवर गाडी नेण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. मार्च २०२० मध्ये मुंबई ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईतील मोटारी थेट बोटीने अलिबाग परिसरात उतरू लागल्या. स्थानिक प्रशासनाने किनाऱ्यांवर वाहने नेण्यास वेळोवेळी मनाई केली आहे आणि पोलिसांनी गुन्हेही नोंदवले आहेत. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार वाळूच्या टेकड्या सपाट करणे वा बदलणे निषिद्ध आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर आणि मारळ येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. या कासवांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. अंडी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत हातभर खोल असतात आणि वरून दिसत नाहीत. साधारण दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राकडे जाताना चाकोरीत अडकली, तर त्यांना वर चढता येत नाही. हवा कमी केलेल्या टायरने चाकोरी उथळ होते, पण अंड्यांवरचा भार तेवढाच राहतो.