राणी लिलिउओकलानी : दोन लेखांची साक्ष

राजकीय लेखांचा अभ्यास करताना आपण त्यांतील घटना टिपतो. शब्दांकडे बहुधा दुर्लक्ष करतो. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिने ‘राज्यत्याग’ केला, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान कितपत ग्राह्य आहे, हे तिच्या नावावर असलेल्या दोन लेखांच्या आधारे येथे तपासावयाचे आहे.

लिलिउओकलानीचा जन्म २ सप्टेंबर १८३८ रोजी होनोलुलू येथे झाला. मिशनऱ्यांच्या शाळेत तिचे शिक्षण इंग्रजीतून झाले. गीतरचना मात्र ती प्रामुख्याने हवाईयन भाषेत करी. ‘आलोहा ओए’ हे विख्यात गीत तिचेच. बंधू कालाकाउआ याच्या मृत्यूनंतर २९ जानेवारी १८९१ रोजी ती गादीवर आली. तथापि १८८७ मध्ये शस्त्रांच्या धाकाने लादलेल्या राज्यघटनेने राजसत्ता दुर्बळ केली होती आणि मालमत्तेची अट घालून बहुसंख्य हवाईयनांचा मताधिकार संकुचित केला होता.

१४ जानेवारी १८९३ रोजी राणीने नवी घटना जारी करण्याचा प्रयत्न केला. मंत्र्यांनी साथ नाकारली. तिने प्रचलित घटना डावलू पाहिली, हा विरोधकांचा आक्षेप निराधार नाही. परंतु जी घटनाच सक्तीने लादलेली, तिच्या पावित्र्याचा दाखला लादणाऱ्यांनीच द्यावा, हे विसंगत होय. अमेरिकन नौसैनिक १६ जानेवारीस किनाऱ्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी हंगामी सरकार स्थापन झाले.

त्याच दिवशी राणीने दिलेला निषेधलेख हा आपला पहिला पुरावा. त्यात ती हंगामी सरकारला शरण जात नाही. अमेरिकेच्या वरचढ बळापुढे माघार घेते, आणि तीही वस्तुस्थिती कळल्यावर अमेरिकन सरकार आपणांस पुन्हा गादीवर बसवीपर्यंतच. सत्ता ‘कोणाला’ आणि ‘कोठवर’ दिली, या दोन पदांवर सारा दावा उभा आहे. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी डिसेंबर १८९३ मधील आपल्या संदेशात नेमक्या याच मुद्द्याची दखल घेतली.

दुसरा लेख २४ जानेवारी १८९५ चा. फसलेल्या उठावानंतर राणी स्वतःच्याच राजवाड्यात कैदेत होती. या राज्यत्यागपत्रावर तिला ‘लिलिउओकलानी डॉमिनिस’ अशी, पतीचे आडनाव जोडून, सही करावी लागली. हे आपले नाव कधीच नव्हते, आणि सही केली ती अनुयायांचे प्राण वाचविण्यासाठी, असे तिने १८९८ च्या आत्मकथनात नमूद केले आहे. राज्यकर्ती म्हणून ती ज्या नावाने सही करी, ते नाव या पत्रावर नाहीच.

याच बंदिवासात तिने ‘कुमुलिपो’ या हवाईयन सृष्ट्युत्पत्तिकाव्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, १८९६ च्या कायद्याने, शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले होते. सामिलीकरणाविरुद्धच्या अर्जावर १८९७ मध्ये २१,००० हून अधिक सह्या झाल्या. तरीही १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत विलीन करण्यात आले. राणी १९१७ मध्ये निवर्तली.

१९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने क्षमायाचनेचा ठराव संमत केला, तेव्हा त्यात उद्धृत झाला तो १८९३ चा निषेधलेख. म्हणून ‘राज्यत्याग’ हा शब्द योजण्यापूर्वी अभ्यासकाने सही कोणत्या नावाची आहे आणि ती कोणत्या स्थितीत झाली, हे पाहिले पाहिजे. पहिला लेख राणीचा आहे. दुसरा तिच्याकडून लिहवून घेतलेला आहे.