‘नाहीं तर’ कोणाचें?

घरांतून बाहेर पडतांना थोरली जाऊ धाकटीस सांगते, “पाहुणे आले तर, दूध असेल तर चहा कर, नाहीं तर बाजारांत जा.” धाकटी जाऊ या वाक्यापाशीं क्षणभरही अडत नाहीं. दूध नसेल तर तें आणावयास जावयाचें, हें तिला स्वयंपाकघराच्या अनुभवानें ठाऊक असतें. परंतु नुसत्या शब्दांकडे पाहिलें तर याच वाक्याचा दुसराही अर्थ निघतो: पाहुणे आलेच नाहींत, तर घरीं बसून न राहतां बाजार करून ये. ‘नाहीं तर’ हे दोन शब्द पाहुण्यांशीं जोडावयाचे कीं दुधाशीं, याचा निर्णय वाक्य करीत नाहीं; ऐकणारा करतो. आणि शंका आलीच तर “म्हणजे कसें, जाऊबाई?” एवढ्या प्रश्नानें तिचें निरसन होतें.

माणसामाणसांतील हा व्यवहार इतका सहज आहे कीं त्याची किंमत आपल्या ध्यानांत येत नाहीं. संगणकास आज्ञा देण्याची वेळ आली तेव्हां ती ध्यानांत आली. शाळेंत आपण ज्याला वाक्यपृथक्करण म्हणत होतों, तेंच काम संगणकास प्रत्येक आज्ञेवर करावें लागतें. कोणता शब्द कोणाशीं जोडलेला, हें ठरल्यावांचून आज्ञेचें पालन होऊं शकत नाहीं. हें पृथक्करण करणाऱ्या आज्ञावलीला ‘पार्सर’ म्हणतात. आणि भाषेचें व्याकरण हातीं दिलें असतां असा पार्सर आपोआप रचून देणारी जी दुसरी आज्ञावली, ती प्रस्तुत लेखाचा विषय होय. तिचें सर्वांत प्रसिद्ध नांव ‘याक’. तिच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, वाक्याची फोड करण्याचें कोडें लौकरच सुटलें. दोन अर्थांपैकीं एक निवडल्यावर तें माणसास कसें कळवावें, हें कोडें मात्र पुढें कित्येक वर्षें तसेंच राहिलें.

१९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रान भाषेचा भाषांतरक, म्हणजे कंपायलर, पुरा केला. या कामास सुमारें १८ मनुष्य-वर्षें लागलीं, असा हिशेब या शास्त्राच्या पाठ्यग्रंथांतून देतात. त्या भाषांतरकांत भाषेचें व्याकरण निराळें काढून दाखवितां येण्याजोगें नव्हतें. दुधांत साखर विरघळावी तसें तें सर्वत्र पसरलेलें होतें. १९५९ सालीं पॅरिस येथें भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेंत बॅकस यांनीं व्याकरण थोड्याशा चिन्हांत वेगळें मांडण्याची रीत दाखविली, आणि १९६० सालीं अल्गोल ६० या भाषेचें निवेदन संपादन करतांना डेन्मार्कचे पीटर नाउर यांनीं ती सुधारून वापरली. १९६७ सालीं पी. झेड. इंगरमन यांनीं एका अमेरिकन संगणकविषयक मासिकास पत्र लिहून असें सुचविलें कीं, अशाच सामर्थ्याची संकेतपद्धति पाणिनीनें फार पूर्वीं योजिली होती. सबब या रीतीस पाणिनि-बॅकस असें नांव द्यावें. तें नांव रूढ झालें नाहीं. परंतु पाणिनीचें स्मरण अस्थानीं नव्हतें, हें पुढें दिसून येईल.

व्याकरण कागदावर स्वच्छ उतरलें, तसे त्यांतील संदेहही स्वच्छ दिसूं लागले. आमच्या जाऊबाईंचें वाक्य अल्गोल भाषेंतही संभवत होतें. अल्गोलकारांनीं एका ‘तर’च्या पाठीस लागून लगेच दुसरी अट येऊं नये असा बंदोबस्त केला होता; तरीही मध्यें दुसऱ्या प्रकारची आज्ञा घातली म्हणजे तोच संदेह मागल्या दारानें आंत येई. इंग्रजींत या प्रकारास ‘लोंबकळतें नाहीं तर’ अशा अर्थाचें नांव पडलें, आणि १९६६ सालीं पॉल अब्राहम्स यांनीं त्यावर अखेरचा तोडगा म्हणून एक लेख प्रसिद्ध केला. दरम्यान १९६२ सालीं डेव्हिड कँटर व रॉबर्ट फ्लॉइड यांनीं स्वतंत्रपणें एक निराशाजनक गोष्ट सिद्ध करून ठेविली होती. ती अशी कीं, कोणतेंही व्याकरण पुढें ठेविलें असतां तें संदिग्ध आहे कीं नाहीं हें निश्चित सांगणारी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं. यंत्राच्या निदानावर पूर्णपणें विसंबण्याचा मार्ग येथेंच खुंटला.

तथापि व्याकरणांचा एक उपयुक्त वर्ग असा आहे कीं, त्यांत हा प्रश्न सुटतो. १९६५ सालीं डोनाल्ड नूथ यांनीं दाखवून दिलें कीं, आज्ञा डावीकडून उजवीकडे एकदांच वाचीत जाऊन व पुढील थोडीं चिन्हें पाहून तिचें पृथक्करण करतां येईल, अशीं व्याकरणें ओळखतां येतात, आणि त्यांसाठीं निर्णयाचीं कोष्टकें यांत्रिक रीतीनें तयार करतां येतात. कोष्टकें मात्र त्या काळच्या यंत्रांस न पेलण्याइतकीं मोठीं होत. १९६९ सालीं फ्रँक डिरेमर यांनीं मॅसॅच्युसेट्स येथील आपल्या प्रबंधांत तीं आटोपशीर करण्याची युक्ति सांगितली. आतां विद्या तयार होती; तिला हत्याराचें रूप देणारा कोणी तरी पाहिजे होता.

तो मनुष्य म्हणजे अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील ही गोष्ट. त्यांचा हेतु अगदीं लहान होता. त्या प्रयोगशाळेंत वापरांत असलेल्या ‘बी’ नांवाच्या भाषेंत त्यांस एक नवें क्रियाचिन्ह घालावयाचें होतें. काम दिसावयास क्षुल्लक, परंतु करूं जातां कठीण ठरलें. तेव्हां त्यांचे सहकारी आल्फ्रेड आहो यांनीं त्यांस नूथ यांच्या संशोधनाची वाट दाखविली, आणि त्यांतून ‘याक’ जन्मास आला. हें नांव चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचें. त्याचा अर्थ ‘आणखी एक कंपायलर-कंपायलर’. अशा आज्ञावल्या पूर्वीं झाल्या होत्या, याची कबुली या थट्टेंत आहे. १९७३ च्या युनिक्समध्यें तो आला, आणि १९७५ सालीं जॉन्सन यांनीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

याक वापरण्याची रीत साधी आहे. एका फायलींत व्याकरणाचे नियम लिहावयाचे, आणि प्रत्येक नियमापुढें तो लागू पडला असतां काय करावें तें सी भाषेंत नमूद करावयाचें. मग पडद्यावर ‘याक’ हा शब्द टंकून त्यापुढें त्या फायलीचें नांव दिलें कीं, सी भाषेंत लिहिलेला तयार पार्सर हातीं येतो. नांवाच्या अलीकडे आडवी रेघ व एखादें अक्षर लिहून आपली विशेष इच्छा सांगतां येते. यांस विकल्प म्हणूं. ‘डी’ म्हटलें तर शब्दप्रकारांचे क्रमांक दुसऱ्या फायलींत निराळे लिहून मिळतात. ‘बी’ म्हटलें तर तयार होणाऱ्या फायलींच्या नांवांचा आरंभ आपल्या मनाप्रमाणें होतो. ‘पी’ म्हटलें तर पार्सरच्या अंतर्गत नांवांचा उपसर्ग बदलतो, आणि एकाच आज्ञावलींत दोन पार्सर भांडण न करतां नांदूं शकतात. ‘टी’ म्हटलें तर चालतां चालतां आपलें प्रत्येक पाऊल सांगण्याची सोय पार्सरमध्यें राहते. १९९२ च्या पॉसिक्स मानकांत हे विकल्प नमूद आहेत. या सर्व सोयी झाल्या. ‘व्ही’ हा विकल्प मात्र निराळ्या जातीचा आहे, आणि तो समजण्यासाठीं याक पेचांत सांपडला असतां काय करतो तें पाहिलें पाहिजे.

पार्सर वाचतां वाचतां दोनच कामें करतो: एक तर पुढचा शब्द उचलून जवळ ठेवतो, किंवा जवळ जमलेले शब्द एखाद्या नियमाखालीं गुंडाळतो. व्याकरण निर्दोष असेल तर कोणत्या क्षणीं कोणतें काम करावें याविषयीं शंका राहत नाहीं. कधीं कधीं मात्र दोन्ही शक्य दिसतात. कधीं दोन नियम एकाच वेळीं लागू पडतात. अशा वेळीं जॉन्सन यांनीं दोन ठराव करून ठेविले. पहिला: उचलणें व गुंडाळणें यांत पेच आला तर उचलावें. त्यामुळें ‘नाहीं तर’ हें जवळच्या ‘तर’ला चिकटतें, आणि याकचा निर्णय आमच्या धाकट्या जावेच्या निर्णयाशीं जुळतो. दुसरा: दोन नियमांत पेच आला तर फायलींत जो आधीं लिहिला असेल तो मानावा.

हा दुसरा ठराव वाचतांना मराठी वाचकास अष्टाध्यायी आठवल्यावांचून राहणार नाहीं. तुल्यबळ नियमांत विरोध आला असतां नंतरचा नियम मानावा, असा तिच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील दुसऱ्या सूत्राचा परंपरागत अर्थ आहे. म्हणजे याकच्या बरोबर उलट! परंतु परंपरा एवढ्यावर थांबली नाहीं. आधीं-नंतर हें गमक अपुरें पडतें हें ओळखून वैयाकरणांनीं कोणता नियम कां बलवान ठरतो याच्या परिभाषा रचिल्या. त्यांत अपवादास सर्वांत अधिक बळ दिलें. अठराव्या शतकांत काशीस राहणारे महाराष्ट्रीय पंडित नागोजीभट्ट यांनीं ‘परिभाषेन्दुशेखर’ ग्रंथांत या परिभाषांची चर्चा केली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनीं १८६८ ते १८७४ या काळांत तो ग्रंथ संपादून इंग्रजीत आणिला. इतकें होऊनही वाद मिटला नाहीं. २०२२ सालीं गाजलेल्या केंब्रिज येथील प्रबंधांत ऋषि राजपोपट यांनीं त्या सूत्रांतील ‘पर’ शब्दाचा अर्थ ‘उजवीकडील’ असा घ्यावा, असें प्रतिपादिलें. संदेहाचा निर्णय करणाऱ्या सूत्राच्याच अर्थाविषयीं संदेह! मात्र परंपरेची शिकवण स्पष्ट आहे: निर्णय केला म्हणजे त्याचें कारणही दिलें पाहिजे.

याक कारण देतो काय? पेच पडला तर तो काम थांबवीत नाहीं. आपल्या ठरावांप्रमाणें निवड करतो, पार्सर तयार करून देतो, आणि पेच किती आले तेवढा आंकडा सांगतो. कारण पाहिजे असल्यास ‘व्ही’ हें अक्षर टंकावें लागतें. मग तो एक लांबलचक फाईल लिहून देतो. पार्सरच्या प्रत्येक अवस्थेंत काय शक्य होतें आणि काय निवडलें, याची ती रोजनिशीच होय. परंतु ती यंत्राच्या भाषेंतील रोजनिशी. अवस्थांचे क्रमांक व नियमांचे तुकडे यांची रास. तींतून मूळ संदेह शोधून काढणें म्हणजे किर्दीवरून कुटुंबाच्या कलहाचें कारण शोधण्यासारखें आहे. त्याहून सूक्ष्म धोका जॉन्सन यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. कोणत्या चिन्हाचें बळ अधिक हें व्याकरण लिहिणाऱ्यानें आधींच सांगितलें असेल, तर त्यामुळें मिटलेले पेच या आंकड्यांत धरले जात नाहींत. म्हणून बळाबळ चुकीचें सांगितलें तर व्याकरणांतील खरा दोष त्याखालीं झांकला जाण्याचा संभव आहे, आणि नवशिक्यानें ही सवलत जपून वापरावी. आपल्या हत्याराची उणीव इतक्या सरळपणें सांगणारा कारागीर विरळा.

याकचा प्रसार झपाट्यानें झाला. गणितांतील समीकरणें छापण्याची ‘ईक्यूएन’, मजकूर चाळण्याची ‘ऑक’ अशा छोट्या भाषा त्याच्या बळावर रचल्या गेल्या. एक नवी भाषा काढणें हें १८ मनुष्य-वर्षांचें काम उरलें नाहीं. १९८५ च्या सुमारास रॉबर्ट कॉर्बेट यांनीं ‘बायसन’ रचिला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनीं तो याकशीं जुळता केला. याक हा हिमालयांतील पशु, बायसन हा रानरेडा. शब्दांचा हा खेळ मुद्दाम केलेला आहे. जॉन्सन यांचे ते दोन ठरावही या वारसाकडे तसेच आले.

तरी कांहींनीं या जनावरांची साथ सोडली. जीसीसी या प्रख्यात भाषांतरकानें २००४ सालीं सी प्लस प्लस भाषेसाठीं व २००६ सालीं सी भाषेसाठीं बायसनचा पार्सर टाकून हातानें लिहिलेला स्वीकारला. रुबी भाषेनें २०२३ च्या अखेरीस बायसन सोडून दुसरें साधन घेतलें. पोस्टग्रेस हा माहितीसंग्रह मात्र आजही बायसनवरच चालतो. आणि बायसनही स्वस्थ बसलेला नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांतील चिनावत इस्रादिसैकुल व अँड्र्यू मायर्स यांनीं २०१५ सालीं एक रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारें २०२० सालच्या बायसनमध्यें एक नवा विकल्प आला. तो दिला असतां बायसन अवस्थांचे क्रमांक पुढें करीत नाहीं. तो एक नमुन्याचें वाक्य लिहून दाखवितो, आणि शक्य तेथें त्याच एका वाक्याची फोड दोन परींनीं मांडतो. याकच्या १९७५ च्या वर्णनानंतर ४५ वर्षांनीं यंत्र जणूं असें म्हणूं लागलें: “तुमच्या या वाक्याचे मला दोन अर्थ दिसतात, मीं हा घेतला, तुम्हांस कोणता अभिप्रेत होता?” प्रत्येक पेच खऱ्या संदिग्धतेचाच असतो असें नाहीं, आणि सर्व संदिग्धता हुडकून काढणें कँटर व फ्लॉइड यांच्या सिद्धांतामुळें अशक्यच आहे. परंतु जेथें दाखवितां येते तेथें ती माणसाच्या भाषेंत दाखविली जाते, हें थोडें नव्हे.

ही गोष्ट केवळ कारागिरांची नाहीं. आज माणसें यंत्रांशीं आपल्या मराठींतही बोलूं लागलीं आहेत, आणि प्रत्येक वाक्याच्या शक्य अर्थांतून एक अर्थ कोठें तरी निवडला जात आहे. ती निवड बहुधा बरोबर असते. म्हणूनच ती झाली हें आपल्या लक्षांत येत नाहीं. याकच्या कर्त्यानें निर्णय यंत्रावर सोंपविला, पण ‘कां?’ असें विचारण्यास एक अक्षर राखून ठेविलें. तें अक्षर टंकण्याची संवय मात्र माणसानेंच ठेवावयाची. घरीं ती जपणें सोपें, कारण धाकटी जाऊ दारापर्यंत येऊन विचारूं शकते. यंत्र आपण होऊन दारापर्यंत येईलच असें नाहीं. पुष्कळदां बाहेर पडणारानेंच उंबऱ्यावरून मागें वळून विचारावें लागेल.